चौथ्या सिलिंडरचा वाटा

जळगावच्या मेहरूणमधले एक गृहस्थ एकदा गाडी घेऊन माझ्या गॅरेजला आले आणि म्हणाले, "मिस्त्री, गॅस किट बसवायचंय, पण अर्धं."

अर्धं म्हणजे काय, ते मला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. इंजिनाला सिलिंडर चार. त्यांतल्या दोघांना गॅस द्यायचा, दोघांना पेट्रोलवर ठेवायचं. किट निम्म्यात पडेल, आणि उद्या पंपावर गॅस मिळाला नाही तरी निम्मं इंजिन चालू राहील. हे गृहस्थ सगळी नोकरी दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात घालवून निवृत्त झालेले होते, त्यामुळे बोलण्यात ठामपणा होता. मी त्यांना शांतपणे समजावलं असं माझी बायको सांगते, पण ती त्या दिवशी तिथे नव्हती. मी त्यांना विचारलं, तुमच्या घरी चार भाऊ जेवायला बसले तर दोघांना पुरणपोळी आणि दोघांना कोरडी भाकरी वाढता का? ते म्हणाले, "वाढतो. दोघं वेगळे निघालेत."

त्यांच्या घरात चालत असेल. इंजिनात चालत नाही.

माझा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून ती आधी सांगून टाकतो. इंजिनातले चारही सिलिंडर एकाच दांड्याला जोडलेले असतात आणि आळीपाळीने त्याला ढकलतात. एकाने कमी ढकललं तर बाकीच्या तिघांना त्याचं ओझं ओढावं लागतं. धान्याची भरलेली कोठी चौघांनी उचलावी आणि एकाने नुसता हात लावून चालावं, तसं. बाहेरून चौघं दिसतात, पण कोठी तिरकी होते. गाडी थांबलेली असताना थरथरते, चढावर दम टाकते, आणि ज्या सिलिंडरला गॅस कमी मिळतो तो आतून जास्त तापतो. लोकांना वाटतं, कमी इंधन म्हणजे कमी उष्णता. तसं नाही. गॅस कमी आणि हवा जास्त झाली की तो रेंगाळत जळतो आणि व्हॉल्व्ह भाजून काढतो.

पेट्रोल थेंबाने जातं, त्याला जरा शिस्त असते. गॅस हवेसारखा. जिथे रस्ता जवळचा तिथे आधी आणि जास्त जातो, लांबच्याकडे उशिरा आणि कमी. टाकीतून आलेला गॅस आधी दाब कमी करणाऱ्या डब्यात येतो. तिथून एका पट्टीत. त्या पट्टीवर चार इंजेक्टर, आणि प्रत्येकापासून एकेक रबरी पाईप एकेका सिलिंडरच्या तोंडाशी. हे चारही पाईप एका लांबीचे हवेत. पट्टी इंजिनाच्या बरोबर मध्यावर बसली तर प्रश्न नाही. पण गाडीत तेवढी जागा कोण ठेवतो? पट्टी बसते एका कडेला. मग पहिला सिलिंडर जवळ पडतो आणि चौथा लांब. अशा वेळी मी लांबच्या पाईपचं माप घेतो आणि चारही तेवढेच कापतो. जवळच्या सिलिंडरच्या पाईपला मग जास्तीचा वळसा घालून बसवावं लागतं. बॉनेट उघडलं की ते वेटोळं दिसतं. दिसायला वाईट. मान्य आहे.

या वेटोळ्यावरून मी आयुष्यात फार ऐकून घेतलं.

ते ऐकवणारा मुख्य माणूस म्हणजे धुळ्याचा प्रकाश. आम्ही दोघं एकेकाळी जळगावात रिक्षांचे कार्बोरेटर साफ करायचो. मग मी सुरतेला गेलो. आपल्याकडची निम्मी गावं सुरतेला जातात, ती कापडाच्या मागांवर. मी उधन्याच्या एका गॅरेजमध्ये गॅसच्या रिक्षा शिकलो, कारण गॅस तिकडे आपल्या आधी आला. परत आलो तेव्हा खानदेशात हे काम जाणणारा माझ्या पाहण्यात कोणी नव्हता. प्रकाशला मी शिकवलं. पाना कुठला घ्यायचा इथपासून. आम्ही भागीदारीत दुकान टाकलं, आणि मोठ्या कंपनीचा माणूस एजन्सी द्यायला आला तेव्हा ती प्रकाशच्या एकट्याच्या नावावर झाली. प्रकाशला इंग्रजी येत होतं, धुळ्याला हायवेलगत वडिलांची जागा होती. मला राग येत होता, आणि तोही कंपनीच्या माणसासमोर. एजन्सीचं मी कधीच गिळलं. मी नंतर दुसऱ्या किटची रीतसर परवानगी काढली आणि जळगावात स्वतःचं बस्तान बसवलं.

गिळता आलं नाही ते वेगळंच. प्रकाश सगळीकडे सांगत सुटला की, "सुकलालला गॅस मी शिकवला. हात बरा आहे त्याचा, पण फिनिशिंग नाही."

त्याचं काम खरंच देखणं. पाईप सरळ, आखल्यासारखे, जवळच्याला आखूड आणि लांबच्याला लांब. गिऱ्हाईक बॉनेटमध्ये डोकावून खूश. आणि माझं काम बघून तो म्हणायचा, "जिलेबी." पुढे पुढे धुळ्याहून येणारे ड्रायव्हर मला विचारायचे की, जिलेबीवाले मिस्त्री तुम्हीच का? मी एकदोघांना चाव्या परत देऊन हाकललं आहे.

कंपनीतूनच गॅसवर बनून आलेली पहिली गाडी माझ्याकडे धुवायला थांबली होती, तेव्हा मी तिचं बॉनेट उघडून बघितलं. पट्टी मधोमध. चार पाईप, चारही एका मापाचे. मी गल्लीतल्या शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. त्यांना काहीच कळलं नाही, पण चहा झाला.

आता भडगावच्या सिंधूअक्कांकडे येतो, कारण सांगण्यासारखं जे घडलं ते त्यांच्या अंगणात घडलं.

अक्कांच्या गिरणेकाठी केळीच्या बागा, आणि सात व्हॅन. भडगाव, पाचोरा, जळगाव या रस्त्यावर माणसं आणि शाळेची पोरं वाहणाऱ्या. इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली असतं त्या प्रकारच्या. सातही गाड्या गॅसवर घ्यायचं अक्कांनी ठरवलं होतं. त्या रस्त्यावरचे बाकीचे गाडीवाले अक्कांकडे बघून चालतात. त्यांनी ज्याच्याकडे काम दिलं त्याच्याकडे सगळा रस्ता जाणार, हे मलाही कळत होतं आणि प्रकाशलाही. अक्कांनी दोघांना बोलावलं.

मी सौदा करण्यात कोणाला ऐकत नाही. माझी रीत अशी: भाव सांगायचा, समोरच्याने नाक मुरडलं की पिशवी उचलून दाराकडे निघायचं. उंबऱ्यापर्यंत हाक येते. अक्कांच्या ओट्यावरून मी निघालो, पायऱ्या गेल्या, अंगण गेलं, फाटक आलं, तरी हाक नाही. वळून बघितलं तर अक्का सुपारी कातरत होत्या. मला परत जाऊन बसावं लागलं. त्यांनी काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने सुपारी पुढे केली.

त्यांनी तोड काढली ती अशी. पोळ्याला एक व्हॅन प्रकाशने करायची, एक मी. दोन्हींत त्याच दिवशी नवे स्पार्क प्लग टाकायचे. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, सारख्या भरून चालवायच्या. नवरात्र संपताना, खंडेनवमीला, दोघांच्या समोर प्लग उघडून बघायचे आणि त्यावर काम कोणाचं ते ठरवायचं. प्लगची सूचना माझी होती. प्लग म्हणजे सिलिंडरची जीभ. डॉक्टर जीभ बघतो तसा मिस्त्री प्लगचं टोक बघतो. गॅसवर पेट्रोलइतका रंग चढत नाही, पण कमी गॅस मिळालेला प्लग पांढरा पडतो आणि जास्तवाला काळवंडतो. चारही एका रंगाचे निघाले तर वाटप सारखं झालं. प्रकाशलाही हे माहीत होतं, त्याने लगेच हो म्हटलं. त्याला आपल्या कामाची खात्री होती, हे मी त्याच्या बाजूने सांगतो.

पोळ्याला माझी गाडी तयार झाल्यावर अक्कांनी सीट उचलून आत बघितलं.

"हाई काय आतडं बाहेर काढेल शे रे भो?"

मी आधी इंजिनाच्या भाषेत सांगायला लागलो, दाब, वेळ, अंतर. अक्का ऐकत होत्या पण त्यांचं लक्ष नव्हतं. माझा आवाज चढायला लागला. मग माझ्या लक्षात आलं की या बाईची केळी ठिबकवर आहे. मी विचारलं, अक्का, ठिबकची नळी एका टोकाने सुरू होते, तिथल्या पहिल्या झाडाला आणि शेवटच्या झाडाला पाणी सारखं पडतं का?

"कसं पडी? शेवटनाले कमीच. मी घड दखीसन वळखस."

शेवटच्याचा घड बारीक निघतो, तो बघून त्या ओळखतात. मी म्हटलं, तेच. तुमच्या वावरात नळी फार लांब झाली की तुम्ही पाणी मधून सोडता. मला इथे मध्य मिळत नाही, म्हणून मी सगळ्यांना लांबच्याइतकंच लांब करून टाकलं. चौथ्याला आणि पहिल्याला सारखाच रस्ता. अक्कांनी वेटोळ्याला बोट लावून बघितलं आणि सीट खाली टाकली. मग ड्रायव्हर भटूला त्यांनी बजावलं की, या पाईपांना कोणाला हात लावू द्यायचा नाही.

हा भटू पन्नाशीचा, देवभोळा, गाडीला रोज उदबत्ती लावणारा. त्याने पाईपांना कोणाला हात लावू दिला नाही. त्याला पाईपांबद्दल बजावलं होतं, प्लगांबद्दल कोणीच बजावलं नव्हतं. तिथे घोटाळा झाला.

खंडेनवमीच्या सकाळी मी भडगावला पोचलो तेव्हा अंगण सारवलेलं होतं. सातही व्हॅन धुऊन ओळीत उभ्या, झेंडूच्या माळा घातलेल्या. पाटावर पाने, जॅक, टामी, हवा भरायचा पंप, सगळं घासून मांडलेलं. त्या दिवशी हत्याराला विश्रांती. पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी पाना उचलत नाही, म्हणून प्लग आधी बघायचे ठरले होते. प्रकाश पांढऱ्या शर्टात, दोन मेकॅनिक घेऊन आला होता. आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवली.

आधी प्रकाशची गाडी. त्याच्याच माणसाने प्लग काढले आणि पोत्यावर ओळीने ठेवले. पहिला काळसर. मधले दोन बिस्किटाच्या रंगाचे. चौथा पांढरा फटक, टोकाशी खरबरीत झालेला. प्रकाश म्हणाला, गॅसच हल्ली चांगला येत नाही, शिवाय ड्रायव्हर गाडी रेटतो. अक्का म्हणाल्या, आता दुसरीचे दाखवा.

भटू पुढे आला तो हातात तबक घेऊन. तबकात चार प्लग. चांदीसारखे चमकत होते. प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट.

काय झालं ते माझ्या लगेच लक्षात आलं, पण ते मला मान्य करायचं नव्हतं. मी विचारलं, हे काय आहे?

"आज खंडेनवमी शे ना भाऊ. पूजामा मांडाना व्हतात, म्हनीसन पहाटे घशीसन लखलखीत कयात."

रॉकेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशने घासले होते. पोळ्यापासून खंडेनवमीपर्यंतची सगळी साक्ष भटूने देवासाठी पुसून टाकली होती. आणि त्याचा चेहरा असा की, आता हे शाबासकी देणार.

प्रकाश हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सुकलालभाऊ, ड्रायव्हर तुमच्या गाडीवरचा आणि ब्रशही तुमचाच असेल. पुरावा धुवायचाच होता तर माझ्याकडे यायचं, माझ्याकडे मशीन आहे."

त्यानंतर मी जे बोललो ते दिवाळीच्या अंकात छापता येणार नाही. भटूला बोललो, प्रकाशला बोललो, प्रकाशच्या दोन मेकॅनिकांना विनाकारण बोललो. अक्कांच्या अंगणात, देव मांडलेले असताना. मग पिशवी उचलली आणि फाटकाकडे निघालो. ही माझी नेहमीची चाल नव्हती. मी खरंच चाललो होतो. सात गाड्या गेल्या, रस्ता गेला, आणि आता प्रकाश धुळ्यापासून जळगावपर्यंत सांगणार की मी शिकवलेला गडी चोरी करताना सापडला. यातलं शेवटचं मला सगळ्यात जास्त लागत होतं.

फाटकाची कडी काढली तेव्हा मागून अक्कांचा आवाज आला. हाक नव्हती, प्रश्न होता.

"मिस्त्री, एकेक बंद करीसन दखता येस का? वावरमा आम्ही तशेच दखतस."

म्हणजे वावरात कुठली नळी काम करत नाही हे बघायला त्या एकेक नळी बंद करून बघतात, तसं इथे करता येईल का. मी कडी हातात धरून उभा राहिलो. ही परीक्षा मला येत होती. सुरतेत शिकलेली पहिलीवहिली गोष्ट ती. चालू इंजिनात एका इंजेक्टरची वायर हाताने काढायची. त्या सिलिंडरचा गॅस बंद. तो सिलिंडर नीट काम करत असेल तर इंजिन ताबडतोब लंगडतं. तो आधीपासूनच नावापुरता असेल तर इंजिनाला पत्ताही लागत नाही. एवढी साधी गोष्ट, पण मी रागात इतका बुडालो होतो की ती आठवायला केळी पिकवणारी बाई लागली.

मी परत आलो. पूजेचा खोळंबा होत होता, अक्कांनी भटजींना ओट्यावर बसवून चहा दिला. प्लग परत बसवले गेले, भटूने हळदकुंकू पुसताना दोनदा नमस्कार केला. दोन्ही इंजिनं गरम होईपर्यंत चालवली. प्रकाश म्हणाला, "कानाने काय ठरतं, अक्का? कोणीही काहीही म्हणेल." त्यावर अक्कांनी जे केलं ते मला सुचलं नसतं. त्या म्हणाल्या, आधी मला क्रमाने ऐकवा, एक, दोन, तीन, चार. मग मी पाठ करून बसते. तुम्ही मनाला येईल तो बंद करा, मी सांगते कुठला.

प्रकाशच्या गाडीच्या वायरी त्याच्याच माणसाने काढल्या. अक्का पाठ करून बसलेल्या, एक हात गाडीच्या पत्र्यावर. पहिल्याची वायर निघाली की इंजिन गुडघ्यावर यायचं. मधल्यांची निघाली की लंगडायचं. चौथ्याची निघाली तर नुसता सूर जरा खाली. अक्कांनी प्रत्येक वेळी ओळखलं. चौथा तर त्या वायर पूर्ण निघायच्या आधी सांगायच्या, "हाऊ चौथा." जमलेल्या ड्रायव्हरांत हसू पसरायला लागलं. प्रकाशच्या मेकॅनिकाने शेवटी मालकाकडे बघितलं आणि हात बाजूला घेतला.

मग माझी गाडी. मी वायरींना हात लावणार नाही म्हणालो, प्रकाशनेच लावावा. त्याने पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि सीटखाली वाकला. क्रमाने ऐकवलं. मग मनाला येईल तसं. एक वायर काढली, इंजिन लंगडलं. अक्का म्हणाल्या, तिसरा. होता पहिला. दुसऱ्यांदा म्हणाल्या, पहिला. होता चौथा. तिसऱ्यांदा त्यांनी पत्र्यावरचा हात उचलला, पुन्हा ठेवला. मग वळून बसल्या आणि हसल्या.

"माले नही वळखाये. बठ्ठा सारखाच शेतस."

त्यांना ओळखता आलं नाही. सगळे सारखेच. बत्तीस दात दाखवणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, कारण माझे दिसत होते. भटू तर रडायलाच लागला, त्याला वाटत होतं आपण मिस्त्रीला बुडवलं. मी त्याला जवळ घेतलं आणि प्लगला पुन्हा हळदकुंकू लाव म्हटलं. तेव्हा त्याने प्लग बसवलेल्या जागी, इंजिनावरच बोटं उमटवली.

पूजा उशिरा झाली, पण झाली. नारळ माझ्या हातून फोडवला. मग अक्का मला ओट्यावर घेऊन बसल्या आणि सौद्याला सुरुवात केली. काम मिळालेलं असताना सौदा करावा तो असा. त्या म्हणाल्या, सातही गाड्या तुझ्याकडे. पण प्रकाशने केलेलीही तूच दुरुस्त करायची, आणि तीही आधी. मी म्हटलं, ती त्याची जबाबदारी आहे, त्याने किट बसवलंय. प्रकाश तिथेच उभा होता. तो म्हणाला, मी करून देतो, पाईपच तर बदलायचे. अक्का म्हणाल्या, तुला येत असतं तर पोळ्यालाच केलं असतं.

मी तेव्हा माझी अट टाकली. गाडी दुरुस्त करतो, मजुरी घेत नाही. पण माझ्या गॅरेजला नाही, अक्कांच्या अंगणातही नाही. धुळ्याला, प्रकाशच्या दुकानात, दिवसाढवळ्या, दुकान उघडं असताना.

प्रकाशने माझ्याकडे बघितलं. मी त्याला ओळखतो, त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. नाही म्हटलं तर एजन्सीची गाडी नापास झाल्याची बातमी बाहेर पडते. हो म्हटलं तर गिऱ्हाइकांना सांगता येईल की जळगावचा आपला जुना गडी कामाला बोलावलाय. त्याने हो म्हटलं. अट टाकताना तो असं सांगणार हे मला दिसलं होतं, पण त्यावर माझ्याकडे उतारा नव्हता. नुसती खुमखुमी होती.

दसरा झाल्यावर आम्ही गेलो. व्हॅन भटूने आणली. सिंधूअक्का पुढच्या सीटवर बसून आल्या, त्यांना शिंदखेड्याला लेकीकडे जायचं होतं, आणि वाट धुळ्यावरूनच होती असं त्या म्हणाल्या. प्रकाशच्या दुकानाला काचेचं ऑफिस, फरशी स्वच्छ, भिंतीवर सर्टिफिकेटं. सहा-सात गिऱ्हाइकं गाड्या घेऊन थांबलेली. अक्कांना खुर्ची मिळाली. मी चपला बाहेर काढल्या नाहीत. प्रकाशचे चार मेकॅनिक आपापली कामं करत होते, म्हणजे करत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

मी सीट उचलली. त्याचे सरळ देखणे पाईप एकेक करून काढले. नव्या पाईपच्या गुंडाळीतून लांबच्याचं माप घेतलं, चार तुकडे कापले, चारही एका मुठीत धरले आणि त्याच्या काचेच्या टेबलावर टोकं आपटून सारखे केले, कोथिंबिरीची जुडी सारखी करतात तसे. एक टोक इकडे नाही, एक तिकडे नाही. मेकॅनिक जवळ सरकले. त्यांतला एक, तोच जो भडगावला वायरी काढत होता, विचारू लागला की, वळसा कुठल्या बाजूने घ्यायचा, मोडला तर काय होतं. मी सांगत होतो. पाईप चिमटला तर गॅस अडतो, म्हणून वळसा मोठा घ्यायचा, दिसायला वाईट दिसला तरी मोठाच. पाईपचं टोक जिथे शिरतं त्या नोझलचं भोक चारही सिलिंडरांना झडपेपासून सारख्याच अंतरावर हवं, नाहीतर पाईप सारखे असून उपयोग नाही. त्याला भोकांचंही माप घ्यायला लावलं. प्रकाश काचेच्या आत होता. मग दारात आला. मग बाहेर येऊन माझ्या मागे उभा राहिला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक, चांगला सफारीतला माणूस, प्रकाशचा नेहमीचा असावा, माझ्याकडे बोट करून म्हणाला, "प्रकाशशेठ, हेच का ते जळगावचे? तुम्ही शिकवलेले?"

माझ्या हातात क्लिप होती. या प्रश्नासाठी मी कितीतरी वर्षं उत्तर घासून ठेवलं होतं. लांबलचक, त्यात सुरत होती, कार्बोरेटर होते, एजन्सी होती, दोन-चार शिव्या होत्या. तोंड उघडलं, आणि अक्कांनी खुर्चीवरून सुपारीची डबी बंद केली.

"सांग ना भो," त्या प्रकाशला म्हणाल्या, "कोन शेतस त्या?"

प्रकाशने आपल्या मेकॅनिकांकडे बघितलं. ते चौघं पाईपांकडे बघत होते. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नाही," तो म्हणाला. "मी यांच्याकडे शिकलो. आधी जळगावात, यांच्याकडेच."

सफारीवाला म्हणाला, असं होय, आणि आपल्या गाडीकडे वळला. त्याच्या लेखी विषय संपला होता. मी मान वर करून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर चेहऱ्यावर काय दिसलं असतं सांगता येत नाही. इंजेक्टरच्या पट्टीचा शेवटचा नट राहिला होता. मी वाकलेल्या अवस्थेतच मागे हात केला आणि म्हटलं, "प्रकाश, पाना दे."

कितीचा ते मी सांगितलं नाही. त्याने दहाचा दिला. बरोबर होता.